गाळून उरलेला माणूस

बशीवर बशी घासल्याचा आवाज आला. दुपार होती, लेक खारू नुकतीच झोपली होती, पंखा सगळ्यात कमी वेगावर फिरत होता, आणि त्या शांततेत स्वयंपाकघरातून आधी एक लांबट, खरखरीत सरकणं ऐकू आलं आणि पाठोपाठ एक आखूड. मग पुन्हा काही नाही. घडी घालायला घेतलेला लेकीचा फ्रॉक तसाच हातात धरून ती थांबली. दुसऱ्या कुणी ऐकलं असतं तर म्हटलं असतं, नवरा चहा घेतोय, त्यात काय. पण तिचं पोटच कानांवर चालायचं. ऐकू येतं का नाही ते तपासायच्या दवाखान्यात ती काम करायची. काचेच्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांवर हेडफोन चढवायचे आणि बारीक बारीक होत जाणारे सूर सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबा. दिवसभर हेच केल्यावर कान घरी येऊनही कामावरच राहतात. लांब आणि आखूड. एक कप पलीकडे गेला, एक अलीकडे आला. स्वतःचा कप नुसता उचलायचा असता तर बशी दोनदा कशाला बोलली असती.

ती बाहेर आली तेव्हा तो टेबलाशी बसला होता, कप ओठांना लावलेला. तिचा कप तिच्या खुर्चीसमोर होता. दोन्ही कप एकाच संचातले, पांढरे, निळ्या काठाचे. दोघंही साखर सारखीच घेत, तेव्हा चव काही सांगेल म्हणावं तर तेही नाही. "झोपली?" त्याने विचारलं. "झोपली." "चहा निवतोय तुझा." तिने घोट घेतला, आणि घोट घेताना तो आपल्या गळ्याकडे बघतोय का हे पाहायला डोळे वर केले. तो खिडकीकडे बघत होता. म्हणजे मुद्दाम खिडकीकडे बघत होता, असंही म्हणता आलं असतं. कप बदललेस का, एवढंच तर विचारायचं होतं. पण विचारणं म्हणजे तपासणं, आणि आपल्याला कुणी तपासतंय हे कळलं की माणूस उत्तर देत नाही, परीक्षा देतो. तिने चहा संपवला. चांगला झाला होता. चांगला झालाय असं तो म्हणालाही. हल्ली त्याला सगळंच चांगलं लागायचं.

आधी असं नव्हतं. आधी तो लिफ्ट तपासायचा, आणि लिफ्ट तपासणाऱ्याला सगळं चांगलं लागून चालत नाही. दोर दिसायला धडधाकट आहे म्हणून सोडून देणाऱ्याला त्या धंद्यात कुणी उभं करत नाही. तिथे संशय हा स्वभाव नव्हता, कसब होतं. म्हणूनच तर सुरुवातीला कुणाच्या लक्षात आलं नाही. तो उठून उठून दाराच्या कड्या बघायला लागला, तर घरच्यांनी म्हटलं, कामाचं फार मनावर घेतो. त्याने एका इमारतीतल्या सगळ्या लिफ्ट एकाच दिवशी बंद पाडल्या, दोर आपापसांत काहीतरी ठरवतायत म्हणून, तर साहेबाने दोर बदलून घेतले आणि वर त्याची पाठ थोपटली. मग घरातल्या दुधाला वास यायला लागला. तिला येत नव्हता, खारूला येत नव्हता, त्याला यायचा. मग भिंतीपलीकडचे शेजारी त्याच्या खोकल्यांची नोंद ठेवू लागले. आणि मग कप. ती चहा ओतायची, तो दोन्ही कपांकडे बघायचा, आणि हसत हसत, खेळ मांडल्यासारखा, बश्या सरकवून अदलाबदल करायचा. पहिल्यांदा तीही हसली होती. हसली होती हे तिला अजून खुपतं. मग एका सकाळी त्याने खारूच्या देखत तिचं मनगट धरलं आणि म्हणाला, "आधी तू पी." आवाज चढलेला नव्हता, लिफ्टचा मालक दार उघडायला कुरकुर करत असला की तो जसा बोलायचा, तसाच सरकारी, थंड आवाज. ती प्यायली. ती पीत असताना तो तिच्या गळ्याकडे बघत होता, घोट खरंच खाली उतरतोय का. त्याच आठवड्यात त्याला झटका आला, जीभ चावली गेली, आणि दवाखान्यात गेल्यावर त्या सगळ्याला एक नाव मिळालं. मेंदूला सूज. शरीराच्या राखणदारांनीच मालकाला चोर ठरवलंय, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. हे राखणदार रक्ताच्या पाण्यात असतात. ते पाणी काढून टाकायचं आणि दुसरं भरायचं.

प्लाझ्मा बदलणं म्हणतात त्याला. एका हातातून रक्त निघतं, यंत्राच्या पोटात गरागरा फिरतं, लाल एकीकडे होतं आणि पिवळं एकीकडे. लाल दुसऱ्या हातातून पुन्हा अंगात, पिवळं खाली पिशवीत, आणि गेलेल्या पिवळ्याच्या जागी वर टांगलेल्या बाटल्यांमधलं नवं पाणी. पहिल्यांदा ती पिशवी भरताना बघून तिला फसवल्यासारखं वाटलं होतं. तिने काहीतरी काळं, घट्ट, किळसवाणं निघेल असं धरलं होतं. निघालं ते फिक्या चहासारखं, उजेडात सोनेरी दिसणारं, आणि हात लावला तर पिशवी कोमट. झोपलेल्या मुलाच्या अंगाइतकी कोमट. मनगट धरणारा तो आवाज ह्यात आहे, तिने स्वतःला समजावलं होतं, आणि आता ही पिशवी गाठ मारून लाल डब्यात जाईल. तो आवाज खरंच गेला. बारीक होत गेला आणि एका दिवशी ऐकू येईनासा झाला. पण तिच्या कामात एवढं तरी शिकायला मिळतंच की ऐकू न येणं म्हणजे आवाज नसणं नव्हे.

तो घरी आला तो असा, गाळून उरलेला. ओला टॉवेल पलंगावर टाकला म्हणून भांडायचा तो भांडेना. भाजीत मीठ कमी पडलं तरी छान. खारूने त्याच्या चष्म्याच्या काड्या वाकवल्या, तरी "असू दे, बाळ आहे." कापसात गुंडाळून ठेवल्यासारखं बोलणं. येणारेजाणारे म्हणायचे, नशीब काढलंस, माणूस परत मिळाला, तोही सुधारून. ती मान हलवायची आणि मनात म्हणायची, सुधारून कशाला, होता तसा का नाही. फोनवर सासूबाईंनी आणखीनच घोळ केला. "अगं, आजार वगैरे ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण तो पहिल्यापासून संशयीच. शाळेत जाताना डबा उघडून बघायचा, धाकट्याला मी जास्त दिलं का म्हणून. लेकरू होतं तेव्हाचं सांगते." त्या हसल्या. तिला हसता आलं नाही. म्हणजे पिशवीत नेमकं काय गेलं होतं? यंत्राला काय ठाऊक, डबा मोजणारा मुलगा कुठे संपतो आणि कप बदलणारा माणूस कुठे सुरू होतो. त्याने दोघांनाही उपसलं असेल, किंवा एकालाही नाही.

खारूसाठी मात्र तिने सोपं करून ठेवलं होतं. मनगटाच्या त्या सकाळनंतर पोर वडिलांच्या सावलीलाही उभी राहीना, तेव्हा तिला मांडीवर घेऊन ती म्हणाली होती, "ते बाबा नाही बोलले, राणी. आजार बोलला." मुलीने ते एवढं पक्कं धरलं की घरात त्याचा नियमच झाला. बाबा दवाखान्यातून आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी दात घासायला सांगितलं, तर कमरेवर हात ठेवून ही म्हणते, "हा आजार बोलतोय." सगळे पोट धरून हसले. तोही हसला. पण तो सगळ्यांच्या मागून हसला, अगदी किंचित, आणि ते किंचित फक्त तिच्या कानाला कळलं. तिच्या दवाखान्यात असे लोक येतात. सूर ऐकू येत नाही, पण आपण बहिरे ठरू ह्या भीतीने काचेपलीकडच्या चेहऱ्याकडे बघून बटण दाबतात. त्यांना पकडायची एक साधी युक्ती असते: काहीच वाजवायचं नाही. नुसतं थांबायचं. ज्याला ऐकू येत नाही तो त्या शांततेतही बटण दाबतो. गेले काही दिवस ती घरात हेच करत होती. त्याच्यासमोर बसायचं आणि काही बोलायचं नाही. थोड्या वेळाने तो मान वर करायचा. "काय?" "कुठे काय?" "मला वाटलं काही म्हणालीस." आता ह्याला बटण दाबणं म्हणायचं का? बायको टक लावून बघत बसली तर कुणीही विचारेल, काय म्हणून. तिला स्वतःची लाज वाटायची, आणि लाज वाटूनही दुसऱ्या दिवशी ती पुन्हा बसायची.

कारण सोमवार येत होता. तिची रजा संपत होती. सोमवारपासून पाळणाघरातून खारूला तो आणणार होता आणि संध्याकाळपर्यंत बापलेक घरात दोघंच असणार होती. डॉक्टरीणबाईंनी होकार दिला होता, उलट म्हणाल्या होत्या, जबाबदारी दिलीत तर त्यांना बरंच वाटेल. तीही हो म्हणाली होती. आणि आता ह्या दोन बश्या.

शनिवारी यंत्राची पाळी होती. आता ती महिन्यातून एकदाच असायची, राखणीपुरती. खारूला शेजारी ठेवून दोघं गेली. यंत्र चालवणारी बाई तोंडाने फटकळ आणि हाताने हलकी; सुई टोचताना गप्पांत असं गुंतवायची की टोचल्याचं नंतर कळावं. "या दादा," ती म्हणाली, "उशीर केलात, मला वाटलं दुसरं यंत्र बघितलंत की काय." तो हसला. दोन्ही हातांत सुया गेल्या, अंगावर ब्लँकेट आलं, यंत्र घुमायला लागलं. "आता नियम पाठ आहे ना? ओठांना मुंग्या आल्या की लगेच सांगायचं. गप्प बसणारा पेशंट मला नको, मला किरकिरे आवडतात." रक्त नळीत गोठू नये म्हणून जे औषध सोडतात ते अंगातलं कॅल्शियम खातं, आधी ओठ, मग बोटं, आणि तरीही कुणी सांगितलं नाही तर हात वळतात. म्हणून बाई थोड्या थोड्या वेळाने विचारायची, "मुंग्या?" आणि तो म्हणायचा, "नाही." पिशवीत पिवळं पाणी उतरू लागलं तशी बाई वाकली आणि भुवया उंचावून म्हणाली, "दादा, काल लोणी चापलंत. पाणी गढूळ आलंय बघा, आतलं सगळं दिसतं मला." "नाही हो," तो म्हणाला. मग बायकोकडे न बघता, "खारूने बिस्किटं दिली. पुडा संपेपर्यंत." बाई खदखदली. ती हसली नाही. लोण्याची बिस्किटं वरच्या फळीवर असायची, खारूचा हात पोचत नव्हता. म्हणजे तिला कुणीतरी उचललं होतं, कधीतरी, ती न्हाणीघरात असताना, आणि मग दोघांनी तोंडं पुसली होती. बाप आणि मुलगी चोरून बिस्किटं खातात, जगभर खात असतील. पण जेवण मोजकं, तुपालोण्याचं काही नको, असं कालच ठरलं होतं, आणि काल रात्री त्याने किती सहज म्हटलं होतं, मी काहीच खाल्लं नाही. खोटं बोलताना ह्याचा आवाज बदलत नाही. तिने ही गोष्ट मनात नीट ठेवून दिली, कुठे ते न बघता.

डॉक्टरीणबाईंनी तिला खूण करून बाहेर बोलावलं. "घरी कसं काय?" नेहमीचा प्रश्न. "ठीक," ती म्हणाली, आणि मग स्वतःलाच ऐकू येईल इतक्या हळू, "परवा त्याने कप बदलले." "कुठले कप?" तिने सांगितलं. सांगता सांगता तिला ते किती फुसकं वाटायला लागलं, दोन बश्या, एक लांब, एक आखूड. "तुम्ही पाहिलंत?" "ऐकलं." डॉक्टरीणबाई थकलेल्या होत्या, पण चेष्टा केली नाही त्यांनी. "रक्ताचा रिपोर्ट चांगला आहे," त्या म्हणाल्या. "झटके नाहीत, झोप आहे. कपांची तपासणी माझ्याकडे नाही. हवं तर सोमवारचं पुढे ढकला, पुन्हा दाखल करून बघू. पण एका आवाजावरून मी त्यांच्या हातांत पुन्हा रोज सुया घालायच्या का, हे मला तुम्हीच सांगा." आतून बाईचा आवाज आला, ह्या वेळी फटकळपणा नव्हता त्यात. "दादा, हात बघू. हात उघडा."

हात उघडत नव्हता. बोटं एकमेकांना चिकटून चोचीसारखी पुढे आली होती, अंगठा तळव्यात दुमडलेला, आणि वरचा ओठ आपोआप उडत होता. बाईने यंत्र मंद केलं, नळीत कॅल्शियम सोडलं, ब्लँकेट खांद्यापर्यंत ओढलं. "किती वेळ येत होत्या मुंग्या? विचारलं तेव्हा नाही म्हणालात. घोरत होतात का उघड्या डोळ्यांनी?" हळूहळू बोटं सुटली. डॉक्टरीणबाई बघून गेल्या, बाई नवी बाटली आणायला उठली आणि जाताना तिला म्हणाली, "ताई, जरा ह्यांना तोंड उघडायला शिकवा."

ती स्टुलावर बसली आणि त्याचा हात दोन्ही हातांत घेऊन चोळू लागली. गार होता. "का नाही सांगितलंस?"

"थांबेल असं वाटलं."

"थांबलं नाही ना पण."

"तू बाहेर त्यांच्याशी बोलत होतीस." तो छताकडे बघत होता. "आत्ता मी काही म्हटलं तर तेही धरतील, असं वाटलं. तुला माहीत नाही, मी काही बोललो की तुम्ही सगळे आधी एकमेकांकडे बघता. माझ्याकडे मागाहून."

"असं काही नाही."

"आहे. परवा दूध नासलं होतं. मी प्यायलो."

तिचे हात थांबले.

"म्हटलं, दुधाला वास येतोय असं मी कुठल्या तोंडाने सांगू. माझं मी पिऊन टाकलं. खारूचं सांडून टाकलं, धक्का लागला म्हणून."

तिला आठवलं. परवा सकाळी ओट्यावर दूध सांडलं होतं, ती त्याच्यावर नाही, खारूवर करवादली होती, आणि फडक्याने पुसून घेतलं होतं. वास? तिने वास घेतलाच नव्हता. ती दूध पीत नाही. पातेलं विसळून पालथं घातलं, संपलं. दूध खरंच नासलं असेल तर तिच्या आजारी नवऱ्याने स्वतः घाण गिळून मुलीला वाचवलं होतं आणि त्याचा गवगवाही केला नव्हता. आणि नासलं नसेल तर ते पुन्हा सुरू झालं होतं, जिथून सुरू झालं होतं तिथूनच, दुधापासून, फक्त ह्या वेळी तो लपवायला शिकला होता. तोच हात, तेच सांडलेलं दूध. तिच्या काचेच्या खोलीत शेवटी एक आलेख तरी हाती लागतो, ऐकू येतं इथपर्यंत, इथून पुढे नाही. इथे ती नुसती हात धरून बसली होती, आणि हात गरम होत चालला होता.

"आणि कप?" ती म्हणाली. "चहाचे. बदललेस ना?"

"हो," तो लगेच म्हणाला. तो नाही म्हणेल ह्याची तिने इतकी तयारी केली होती की ते हो तिला लागलं. "का बदलले ते माहीत नाही. मनात काही नव्हतं, खरंच. हात गेले. सरकवल्यावर माझं मलाच कळलं. परत होते तसे ठेवायला गेलो, तेवढ्यात तू आलीस." बाई बाटली घेऊन येताना दिसली तसा तो चेहरा नीट करून म्हणाला, "हे पण सांगणार आहेस का त्यांना?"

"नाही," ती म्हणाली. तिने सांगितलं होतं आधीच. आपला आवाज बदलला का हे ती ऐकत राहिली. बदलला नव्हता.

रविवारचा दिवस बरा गेला. तो उशिरापर्यंत झोपला, उठल्यावर चहा बेचव झालाय म्हणाला, आणि म्हणून झाल्यावर तिच्याकडे बघून थांबला. ती म्हणाली, "मग तू कर." त्याने केला. तिला वाटलं, हे एवढंच तर हवं होतं, बेचव चहा आणि त्यावरून थोडी कुरकूर. आणि लगेच वाटलं, कालच्या बोलण्यानंतर ह्याने ठरवून तर काढली नाही ही कुरकूर. दुपारभर तिने कपाट लावलं, सोमवारचे कपडे काढून ठेवले. बाहेरच्या खोलीत तो खारूला लिफ्ट वर कशी जाते ते दोरी आणि डब्याने दाखवत होता. "हा दोर तुटला तर?" "दुसरा असतो." "तोही तुटला तर?" "मग खाली एक चाप असतो, तो पकडतो." "आणि तो झोपला असेल तर?" तो इतका मोकळा हसला की कपाटात डोकं घातलेलं असतानाही तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हा हसणारा माणूस तिचा होता. ह्याच्याबद्दल तिला काहीच शंका नव्हती, तो हसत होता तेवढा वेळ.

ऊन कललं तसं तो म्हणाला, "चल खारू, बागेत जाऊन येऊ. आईला जरा पडू दे, उद्यापासून पळापळ आहे तिची." खारू एका उडीत दाराशी. तो खाली बसून बुटाची नाडी बांधू लागला. सुयांच्या जागी दोन्ही हातांवर निळे डाग पडले होते. बाग रस्त्यापलीकडेच, खिडकीतून दिसणारी. उद्या तर दोघंच असणार होती, सबंध दुपार. आज नुसती बाग. ती उंबऱ्याशी आली ती पाण्याची बाटली द्यायला, बाटली तिच्या हातात होती, आणि तिने स्वतःला म्हणताना ऐकलं, "नको. तिला खोकला आहे."

शांत, साधा आवाज होता. चढलेला नव्हता. तो नाडी बांधता बांधता थांबला. वर बघितलं नाही त्याने. "हो का," तो म्हणाला, "बरं. मग राहू दे," आणि बांधलेली गाठ सोडून, बूट जागेवर सारखे लावून, आत निघून गेला. आतल्या खोलीत पलंग करकरला.

खारू एका पायात बूट घालून उभी होती. तिने आईकडे पाहिलं, आतल्या दाराकडे पाहिलं, पुन्हा आईकडे. मग तपासून बघावं तसं तोंड मिटून एकदा खोकून पाहिलं. खोकला आला नाही.

"आई," ती हळूच म्हणाली, बाबांना ऐकू जाऊ नये इतकं हळू, "हे आत्ता कोण बोललं?"